आधी बसा

सरांच्या सायकलला घंटी नव्हती. आधी होती, पण घंटीने पाखरं उडतात म्हणून त्यांनी ती स्वतःच काढून टाकली होती. समोर माणूस आला की ते खोकायचे. वणीच्या बाजारात गर्दी असली की त्यांना सारखं खोकावं लागे, आणि त्यामुळे अर्ध्या गावाचा समज झाला होता की इंग्रजी शाळेतल्या त्या उंच मास्तरांना काहीतरी जुनाट दुखणं आहे. आमच्या शेजारच्या काकू एकदा आईला म्हणाल्या, "त्या क्लबात नका पाठवू पोरीले. मास्तर खोकलते फार." आईने मला विचारलं. मी म्हटलं, "ती त्यांची घंटी आहे." आईला ते पटलं नाही. पण मी आपण होऊन काही सांगते आहे हेच तिला इतकं नवीन होतं, की तिने पुढे विचारलं नाही.

शाळेत ते भूगोल शिकवायचे आणि इको क्लब चालवायचे. वर्गात त्यांचं इंग्रजी स्वच्छ, जरा जुन्या पुस्तकासारखं होतं. शाळेच्या मागच्या फाटकातून बाहेर पडलं की मात्र ते बोलण्यात सरळ आपल्या महागावकडचे होऊन जात. आमच्या शाळेत जिन्याजिन्यावर इंग्रजीतच बोलण्याविषयी पाट्या लावलेल्या होत्या, आणि सरांचं फाटकाबाहेरचं बोलणं प्रिन्सिपल मॅडमच्या कानावर गेलं होतं. मॅडमनी विचारलं तेव्हा सर म्हणाले, "फाटकाच्या आत इंग्रजी, मॅडम. नाल्यावर नाही. तिथल्या पाखरायले समजत नाही."

इतर शाळांतल्या इको क्लबमध्ये काय चालतं ते आम्हाला माहीत होतं. घोषणा, रांगोळी, पोस्टर, आणि पर्यावरणदिनाला झाड. आमच्याही आवारात त्या झाडासाठी एक कायमचा खड्डा होता. दर वर्षी त्यात पाहुण्यांच्या हस्ते नवीन रोप लागे आणि उन्हाळ्यात खड्डा पुन्हा मोकळा होई. सर त्याला 'फोटोचं झाड' म्हणायचे आणि त्या कार्यक्रमात मागे उभे राहायचे. त्यांनी स्वतः कधी एक रोप लावलं नाही आणि आम्हालाही लावू दिलं नाही. "जे आपल्या मनानं उगवते त्याले आधी जगू द्या. मंग लावाची हौस करा."

मागेही ते गप्प उभे राहतील याची खात्री नसे. एका वर्षी पाहुणे भाषणात म्हणाले की पिंपळ हा एकच वृक्ष असा आहे जो रात्रीसुद्धा प्राणवायू देतो. टाळ्या पडल्या. टाळ्या थांबल्यावर मागून खोकला ऐकू आला आणि मग सरांचा आवाज, "नाही देत." मॅडमनी डोळे मिटून घेतले. पाहुण्यांनी हसून वेळ निभावली, पण सर हसले नाहीत. चूक ऐकून गप्प बसणं हे त्यांना शारीरिक रीत्याच जमत नसे, जशी काहींना शिंक दाबता येत नाही.

मग क्लबात आम्ही काय करायचो? बसायचो. शाळेमागे नाला होता. नाल्याच्या काठाने बाभळी, पळसाची झुडपं, मधे मधे गवत. शेवटच्या तासाला सर आम्हाला तिथे नेत आणि प्रत्येकाला त्याच्या त्याच्या जागेवर बसवत. ती जागा वर्षभर बदलायची नाही. बोलायचं नाही, लिहायचं नाही, काही तोडायचं नाही. कोणी उभ्यानेच प्रश्न विचारला, "सर, हे कोणतं झाड आहे?" की उत्तर ठरलेलं, "आधी बसा." पायाला काटा लागला, आधी बसा. साप दिसला, आधी बसा. त्यांचं शाळेतलं नाव साहजिकच 'आधीबसा' पडलं होतं, आणि ते त्यांना माहीत होतं.

तास संपला की ते एकच विचारायचे, "मागच्या खेपेले नव्हतं असं आज काय होतं?" नवीन मुलं म्हणायची, "सर, खूप सुंदर वाटलं." सर मान हलवत. "सुंदर म्हंजे तुनं पाह्यलं नाही."

माझी मैत्रीण फरहीन क्लबात आली ती गणिताचा जादा तास चुकवायला. गप्प बसायचं म्हटलं की तिला उचकी लागायची. नाल्यावरच्या त्या शांततेत तिची उचकी ऐकू आली की दोन्हीकडून हसू दाबल्याचे आवाज यायचे. परत येताना ती म्हणायची, "यार, ये क्लब है या पनिशमेंट?"

मला मात्र ती शाळेतली एकच जागा होती जिथे न बोलणं हा माझा दोष नव्हता. हजेरीला 'प्रेझेंट' म्हणतानासुद्धा माझा आवाज पहिल्या बाकापर्यंत पोचायचा नाही. नाल्यावर माझी जागा एका वाळक्या बाभळीसमोर होती, आणि तिथे मला हळूहळू कळत गेलं की गप्पपणा एकसारखा नसतो. आधी आपल्यामुळे झालेला असतो, त्यात सगळे प्राणी दबून असतात. मग तो विरतो, आणि आपण तिथे नसल्यासारखं सगळं पुन्हा सुरू होतं. सर माझ्याकडे येत तेव्हा मला काही विचारत नसत. शेजारी उकिडवे बसत. मी बोटाने दाखवायची. कोतवाल पाखरांची जोडी, मुंग्यांनी बदललेली वाट, सरड्याने सोडलेली कात. ते पाहत, हुंकार देत आणि उठून जात.

मॅडमना मी शाळेच्या प्रार्थनेनंतर बातम्या वाचायला हवी होते, लाज मोडावी म्हणून. त्यांनी ते सरांना सांगितलं. मी ऑफिसच्या दाराशी उभी होते, त्यामुळे सरांचं उत्तर मी ऐकलं. या वेळीही ते फाटकाच्या आत असून वऱ्हाडीत बोलले. "ते पेरलेली हाये, मॅडम. उगवू द्या. रोज उकरून नका पाहू."

ती कापसाची वाईट वर्षं होती. पोळा झाला की शाळेच्या खिडक्या बंद ठेवाव्या लागत, कारण आजूबाजूच्या वावरांमध्ये फवारणी सुरू व्हायची आणि वारा फिरला की वास वर्गात यायचा. अळी मरत नव्हती म्हणून औषध वाढत होतं, दोन-दोन औषधं एकात मिसळली जात होती. तोंडाला नुसता रुमाल बांधून, पाठीवर पंप घेऊन माणसं डोक्यापर्यंत वाढलेल्या कापसात शिरत. आम्ही शाळेच्या बसमधून पाहायचो. कापसाच्या पऱ्हाटीच्या वर फक्त डोकं आणि फवाऱ्याचं धुकं दिसायचं.

आमच्या शाळेतल्या मावशी, ज्या वर्ग झाडायच्या आणि तासांची घंटा द्यायच्या, त्यांचं जवळच्याच एका गावात थोडं वावर होतं. त्यांच्या घरच्यांना, म्हणजे काकांना, आदल्या हंगामात फवारताना विषबाधा झाली होती. यवतमाळच्या दवाखान्यातून ते परत आले, पण डोळे पहिल्यासारखे राहिले नाहीत. लांबचं पुसट दिसायचं. काळा चष्मा लावून ते कधीकधी मावशींना घ्यायला शाळेच्या फाटकाशी येऊन उभे राहत. पुन्हा पंपाला हात लावाल तर उरलेलंही जाईल, असं डॉक्टरांनी त्यांना बजावलं होतं.

एका दुपारी मावशी झाडू हातात घेऊनच सरांपुढे उभ्या राहिल्या. "सर, तुमची पाखरं अळ्या खातात म्हनता न? मंग माह्या वावरात आना न पाखरं."

"पाखरं आनता येत नाही, मावशी. त्यायले बसाले जागा देता येते."

"मंग द्या जागा. आमचे हे म्हनून राह्यले का मजूर भेटत नाही, फवारनी मीच करतो. घरचं वावर हाये, मी नाही मारीन त कोन मारीन, असं म्हनते. दसऱ्यापर्यंत थांबा म्हनलं मी. दसरा झाला का ते पंप काढतीन. कोनाचंच आयकत नाही मंग."

सरांनी वावर किती आहे ते विचारून घेतलं. मग म्हणाले, "शनिवारी येतो."

काम तसं सोपं होतं. वावरात जागोजाग उंच काड्या रोवायच्या, वर आडवी काडी बांधायची. कोतवालासारखी पाखरं त्यावर बसतात, तिथून पिकावर नजर ठेवतात आणि अळी किंवा पतंग दिसला की झेप घेतात. याला पक्षीथांबे म्हणतात आणि ते काही सरांनी शोधलेले नव्हते. सरांनी शोधला तो रंग. गणपतीच्या मांडवाचे बांबू मिळाले, ते जुने आणि काळपट होते. शाळेच्या स्टोअरमध्ये क्रीडादिनाचा लाल आणि पांढरा रंग उरला होता. "पाखराले दुरून दिसलं पायजे," असं म्हणून त्यांनी आम्हाला प्रत्येक काडी पट्ट्यापट्ट्यांनी रंगवायला लावली. एक पट्टा लाल, एक पांढरा. धावण्याच्या मार्गासाठी आखायची दोरी होती, तीही त्यांनी घेतली, म्हणजे काड्या सरळ ओळीत लागतील.

शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटल्यावर आम्ही मावशींच्या वावरात गेलो. मावशींचं वावर लवकर संपलं, काड्या उरल्या. सर थांबले नाहीत. दोरी पुढच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर गेली, मग त्याच्या पुढच्या. फरहीनने विचारलं, "सर, ये खेत किसका है?"

"पाखराले विचार," सर म्हणाले. "त्याले धुरा समजत नाही."

संध्याकाळी आम्ही निघालो तेव्हा मावशींच्या वावरापासून पार नाल्यापर्यंत लाल-पांढऱ्या काड्यांची एक रेषा उन्हात चमकत होती. सर कमरेवर हात ठेवून तिच्याकडे बघत होते. मी त्यांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं.

वणीच्या आसपास राहणाऱ्या कोणालाही पुढचं सांगायला नको. पण सर महागावकडचे. तिकडे कोळसा नाही. इकडे सगळ्यांना ठाऊक आहे की वावरात सरळ रेषेत लाल-पांढऱ्या खुंट्या उगवल्या, की त्या खाणीच्या मोजणीच्या असतात. आज खुंटी, उद्या नोटीस, आणि मग गाव कुठे होतं ते नकाशात शोधायचं.

सोमवारी पहिल्याच तासाला त्या गावचे सरपंच आणि त्यांच्याबरोबर मोटरसायकलींवर बरीच माणसं शाळेत आली. एकाच्या हातात आमची काडी होती. सरांना ऑफिसात बोलावलं, पाठोपाठ क्लबातल्या आम्हा सगळ्यांना.

"हे काय हाये?" सरपंचांनी काडी टेबलावर आपटली.

"पक्षीथांबा."

"आमाले शिकवू नका, मास्तर. लाल-पांढरी खुटी कोनाची ऱ्हायते ते लेकरायलेही मालूम हाये इथं."

"पण वर आडवी काडी आहे ना," सर म्हणाले.

"ते नंबर टांगाले असन!" मागून कोणीतरी ओरडलं.

रविवारी सकाळपासून गावात काय काय झालं होतं ते आम्हाला तिथे कळलं. कोणी नागपूरच्या जावयाला फोन केला होता. कोणी सातबारा शोधायला पेट्या उपसल्या होत्या. ज्यांना सगळे नानाजी म्हणत, त्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी कुठेतरी ऐकलं होतं की जमीन खाणीत गेली तर फळझाडांचा मोबदला वेगळा मिळतो. त्यांनी घरातल्या सगळ्यांना कामाला लावून कापसाच्या ओळींमध्ये संत्र्याची कलमं लावून टाकली होती.

सरांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा दुःख दिसलं. "उभ्या पऱ्हाटीत संत्रा?" ते म्हणाले.

मॅडमनी सगळ्यांसाठी चहा मागवला आणि सरांना शांतपणे, इंग्रजीत सांगितलं की हे आजच्या आज मिटलं नाही, गावाने वर तक्रार केली, तर इको क्लब बंद होईल आणि पुन्हा सुरू होणार नाही. चहा घेऊन मावशीच आल्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण त्यांनी सगळ्यांचे चेहरे पाहिले आणि ट्रे ठेवून त्या निघूनच गेल्या. घंटा त्या दिवशी शिपायाने दिली.

वावरातच जाऊन काय ते मिटवायचं ठरलं. शाळेच्या बसने आम्ही गावात पोचलो तेव्हा वावराच्या कडेला बहुतेक गाव जमलेलं होतं. मावशी आपल्या पऱ्हाटीपुढे पदर खोचून उभ्या होत्या.

"माह्या वावरातल्या काडीले हात लावन त्यानं मले पहिले उपटावं," त्या म्हणत होत्या.

काका धुऱ्यावर बसले होते. काळा चष्मा, आणि शेजारी धुऊन पुसून ठेवलेला पंप. ते कोणावर रागावलेले नव्हते. "काड्या जाऊ द्या व," ते मावशींना म्हणाले. "भांडू नको लोकायशी. पाखरं नाही त पंप हाये. आजच मारून टाकतो, टंटाच नाही."



सरांनी हात वर केला. खोकले. गाव थोडं शांत झालं. त्यांनी अगदी सरळ सांगितलं की चूक त्यांची आहे, रंग शाळेच्या खेळाच्या मैदानाचा आहे, दोरीही तिथलीच, आणि ते महागावकडचे असल्याने इकडे अशा खुंट्यांचा अर्थ काय होतो ते त्यांना ठाऊक नव्हतं. परवानगी न घेता दुसऱ्यांच्या धुऱ्यावर गेलो ही त्याहून मोठी चूक. कोणाचा विश्वास बसला नाही. एक तरुण म्हणाला, "खानवाल्यायनं पाठोला यायले. पोट्टे संग घेऊन आले, म्हंजे कोनाले शक नाही."

"उपटा म्हनता न?" सर म्हणाले. "उपटा. मी उपटू लागतो तुमाले. एकही ठेवू नका. पन आधी बसा."

"काय?"

"बसा. खाली. अन् बोलू नका. या पोट्ट्यायचा तास असते तेवढा वेळ. मंग उठा अन् उपटा."

आता मार पडणार, असं मला वाटलं. फरहीनने माझा हात धरला. पण गर्दीतली एक म्हातारी म्हणाली, "मी त बसतोच बाप्पा. सकाळपासून उभं ठेवलं मले. माहे गुडघे काही खानीत नाही गेले अजून." ती धुऱ्यावर बसली. कोणीतरी हसलं. तिच्या सुना बसल्या. मग नानाजी. सरपंच इकडेतिकडे बघत राहिले, आणि शेवटी उभे ते एकटेच उरले तेव्हा पँट वर ओढून तेही बसले.

अख्खं गाव वावराच्या कडेला गप्प बसलं होतं. पहिल्यांदा ते दबलेलं, आपल्यामुळे झालेलं मौन होतं. बांगड्यांचे, तंबाखू मळण्याचे आवाज. एकाचा फोन वाजला, त्याला चारी बाजूंनी दटावलं. फरहीनला उचकी लागली. म्हातारीने मागे वळून तिच्याकडे रोखून पाहिलं आणि उचकी थांबली, जी आमच्या सरांना वर्षभरात थांबवता आली नव्हती. मग हळूहळू ते मौन विरलं. मला तो बदल कळला. पऱ्हाटीवरून पतंग उडायला लागले. दूर विजेच्या तारेवर एक मळकट तपकिरी पाखरू बसलं होतं. ते मी मघापासून पाहत होते.

ते तारेवरून सुटलं. आणि पंख उघडताच एकदम निळं झालं, गडद आणि फिकट अशा दोन्ही निळ्या रंगांचं. सगळ्या गावाच्या डोळ्यांदेखत ते खाली आलं आणि आमच्या एका लाल-पांढऱ्या काडीवर बसलं.

"नीलकंठ," म्हातारी पुटपुटली. "नवरात्रात."

तिचे हात जोडले गेले होते. दसऱ्याच्या सुमाराला नीलकंठ दिसावा म्हणून इकडे माणसं मुद्दाम शिवारात फिरतात, आणि इथे तो आपण होऊन समोर येऊन बसला होता. एकेक करून सगळ्यांचे हात जोडले गेले. सरपंचांनी टोपी काढली. त्या काडीला आता कोणी हात लावणं शक्य नव्हतं.

मावशींनी मात्र हात जोडले नाहीत. त्यांच्या घरी दसऱ्याला नागपूरच्या दीक्षाभूमीवर जायची तयारी चालू होती. "तुमच्यासाठी नीलकंठ असन," त्या हळूच म्हणाल्या. "आमच्यासाठी त निळा हाये, येवढंच पुरे. जय भीम कराले आला."

बायका हसल्या. म्हातारीही हसली. "दोघायलेही पुरते व तो," ती म्हणाली.

आणि तेवढ्यात मी सरांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर तेच होतं, पिंपळाच्या वेळी होतं ते. ते उठत होते. मला काय होणार ते स्पष्ट दिसलं. नीलकंठ जमिनीवरचे भुंगे, नाकतोडे वेचतो. कापसाच्या अळीच्या कामी तो फारसा येत नाही. हे सरांनीच आम्हाला शिकवलं होतं, आणि आता ते गावाला शिकवणार होते.

ते उभे राहिले. खोकले. "एक मिनिट. गैरसमज नको कोनाचा. हे जे पाखरू हाये, हे कापसाच्या अळीले..."

मी काकांच्या शेजारचा पंप पाहिला.

"सर," मी म्हटलं, "आधी बसा."

आवाज माझा होता हे कळायला मलाच वेळ लागला. तो शेवटच्या माणसापर्यंत ऐकू गेला होता. सरांनी माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडंच होतं. आणि मग ते खरोखर, एखाद्या पोरासारखे, जागच्या जागी खाली बसले. अख्खं गाव हसलं. इतकं हसलं की नीलकंठ दचकला, पण उडाला नाही.

सर माझ्याकडे सरकले आणि कुजबुजले, "पन तो अळी नाही खात व, माय."

"कोतवाल येईल," मी म्हटलं. "तो सांगेल."

मला ते माहीत होतं, कारण वर्षभर मी वाळक्या बाभळीसमोर बसून दुसरं काय पाहिलं होतं? कोतवालाला उंच, मोकळी जागा दुसऱ्या कोणी घेतलेली सोसत नाही. हसणं ओसरलं, पुन्हा शांत झालं, आणि नाल्याकडून ते काळं पाखरू आलं, दुभंगल्या शेपटीचं, तावातावाने. त्याने नीलकंठाला अंगावर झेपावून हुसकावलं, काडी घेतली आणि क्षणभर पिकावर नजर फिरवली. मग ते पऱ्हाटीत सुटलं आणि परत येऊन बसलं. त्याच्या चोचीत हिरवट काहीतरी वळवळत होतं. पुढे बसलेल्यांना ते नीट दिसलं.

"अळी!" नानाजी म्हणाले.

काका उठून उभे राहिले होते. चष्मा कपाळावर सरकवून ते डोळे बारीक करून बघत होते. त्यांना कितपत दिसलं कुणास ठाऊक. मावशी त्यांच्या कानाशी लागून सांगत होत्या, "पाहा, पुन्हा गेला. पुन्हा आनली."

सरपंचांनी टोपी घातली. "म्हंजे एक दर्शनाचा अन् एक कामाचा," ते म्हणाले. "ठेवा बाप्पा काड्या."

सरांनी इतक्या जोरात मान डोलावली की त्यांची शंका फिटली हे सगळ्यांना कळलं.

अळी त्या वर्षी पूर्ण गेली असं मी म्हणणार नाही. सरांना ते चालणार नाही. पण मावशींच्या वावरात ती हाताबाहेर गेली नाही. दसरा झाला, दिवाळी झाली, पंप गोठ्यातल्या खुंटीवर टांगलेला राहिला आणि मावशींच्या घरी पांढरा, भरल्या बोंडांचा कापूस आला. त्यांनी त्यातला मूठभर सरांच्या टेबलावर आणून ठेवला. इको क्लब बंद झाला नाही. उलट मॅडम एकदा नाल्यावर आल्या, खुर्ची मागवू लागल्या, आणि आम्ही सगळ्यांनी एका सुरात जे म्हटलं ते इथे पुन्हा सांगत नाही. त्या बसल्या.

पुढच्या हंगामात गावातून काड्यांची मागणी आली. सरांनी या वेळी शहाणपणाने साध्या, बिनरंगाच्या काड्या करवून घेतल्या. गावाने त्या परत पाठवल्या. "रंगाच्या द्या," सरपंचांचा निरोप होता. "पहिल्या त्याच होत्या." सर खूप चिडले, पाखराला रंगाचं काही नसतं, ती आपलीच चुकीची समजूत होती, हे त्यांनी सरपंचांना दोनदा समजावून सांगितलं, आणि मग आम्ही सगळ्या काड्या पट्ट्यापट्ट्यांनी रंगवल्या. नानाजींची संत्र्याची कलमं जगली. काही वर्षांनी पहिली फळं आली तेव्हा नानाजींनी टोपलीभर सरांकडे पाठवली, 'तुमच्या झाडांची' म्हणून. आयुष्यात ज्यांनी एक रोप लावलं नाही, त्यांच्यामुळे अख्खी बाग उभी राहिली होती. सर ती संत्री कोणाला देईनात. एकटेच खात होते, चेहरा आंबट करून.

आता ते महागावला असतात. अजून सायकल चालवतात, अजून खोकतात. मी नागपूरला नोकरी करते आणि मला मीटिंगमध्ये बोलावं लागतं. बोलते. त्याआधी जरा गप्प बसून घेते, इतकंच.

मागच्या वर्षी मावशींचा फोन आला. गावात खरीखुरी खाणीची मोजणी आली होती. माणसं लाल-पांढऱ्या खुंट्या घेऊन आली आणि चक्रावून गेली, कारण साऱ्या शिवारात तशाच काड्या उभ्या होत्या आणि आपल्या कोणत्या, गावाच्या कोणत्या, हे त्यांनाच ओळखू येईना. गाव धुऱ्यावर जाऊन गप्प बसलं होतं, कोणी काही सांगेना. शेवटी ती माणसं परत गेली आणि पिवळ्या रंगाच्या खुंट्या घेऊन आली. पुढे ती मोजणी कुठे अडली ते माहीत नाही, पण वावरं आहेत तिथेच आहेत.

"अन् सांगू का बाई," मावशी म्हणाल्या, "त्या पिवळीवरही बसला."

"कोण, मावशी? दर्शनाचा का कामाचा?"

"कामाचा. मले त दिसलाही नाही व माय. आमच्या यायले दिसला पहिले."

पलीकडून काकांचा आवाज आला, "सांग तिले, अळी होती चोचीत."